फुकट राबणाऱ्यांचे वृत्तपत्र

मराठी विकिपीडियावर बीड जिल्ह्यातील खेड्यांची पाने आहेत. त्यांतील बरीचशी एकाच साच्यातून निघालेली आहेत. भौगोलिक स्थान, हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे ही शीर्षके ओळीने येतात, आणि त्यांच्याखाली पुष्कळदा काहीही नसते. केज तालुक्यातील युसूफ वडगावच्या परिसरात फिरणाऱ्या कोणाही कार्यकर्त्याला ‘लोकजीवन’ या शब्दाखाली काय यायला हवे ते ठाऊक आहे. दसरा सरला की मुकादमाची उचल अंगावर घेऊन, नवराबायको मिळून एक कोयता या हिशेबाने, घरेच्या घरे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला निघतात. हे लोकजीवन त्या साच्यात बसलेले नाही.

याचा दोष पाने लिहिणाऱ्यांना देणे अन्यायाचे होईल. केतकरांचा ज्ञानकोश एका जिद्दी विद्वानाने वर्गणीदारांच्या बळावर उभा केला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या विश्वकोशामागे शासनाची तिजोरी होती. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियामागे मात्र केवळ विनावेतन श्रम आहेत. शिक्षक, विद्यार्थी, निवृत्त कारकून अशी माणसे रात्री घरी बसून लिहितात आणि लेखाखाली आपले नावही मिरवीत नाहीत. या श्रमांचे फळ सर्वांना मोफत मिळते, गुगललाही मिळते. २०२२ पासून ती कंपनी अधिक सोयीच्या सेवेबद्दल पैसे मोजू लागली. ते पैसे सॅन फ्रान्सिस्कोच्या विकिमीडिया फाउंडेशनकडे जातात, लिहिणाऱ्याकडे नव्हे. लिहिणाऱ्याने ते मागितलेलेही नाहीत. परंतु जिथे राबणारे अनेक आणि कारभार पाहणारे थोडे, तिथे कारभाराची खबर राबणाऱ्यांपर्यंत कोण पोचवणार, हा प्रश्न गिरणीत जितका खरा तितकाच इथेही खरा आहे.

इंग्रजी विकिपीडियाच्या लेखकांनी तो आपल्यापुरता सोडवला. जानेवारी २००५ मध्ये मायकेल स्नो या स्वयंसेवकाने ‘द साइनपोस्ट’ हे पत्र सुरू केले. बातमीदार बिनपगारी, संपादक बिनपगारी, जाहिरात नाही. लेखकांमधील तंटे, लवादाचे निकाल, संस्थेचा जमाखर्च, ज्ञानकोशाविषयी झालेले संशोधन, दिवंगत सहकाऱ्यांचे मृत्युलेख असा त्याचा मजकूर असतो. फाउंडेशनच्याच जागेवर छापले जाणारे हे पत्र फाउंडेशनचे मुखपत्र मात्र नाही.

याची कसोटी २०१६ साली लागली. शोधयंत्रासारख्या एका योजनेसाठी फाउंडेशनने नाइट फाउंडेशनकडून अडीच लाख डॉलरचे अनुदान घेतले होते, आणि योजनेचे खरे स्वरूप लेखकवर्गाला सांगितले नव्हते. लेखकांनी निवडून दिलेले विश्वस्त जेम्स हाइलमन यांना डिसेंबर २०१५ मध्ये मंडळाने काढून टाकले. साइनपोस्टने फेब्रुवारीत या प्रकरणाचे कागद वाचकांपुढे ठेवले. त्याच महिन्याच्या अखेरीस कार्यकारी संचालक लीला ट्रेटिकोव्ह यांनी राजीनामा जाहीर केला. एका पत्राने हे घडवले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, कारण संस्थेतील पगारी नोकरही बिथरले होते. पण मालक नसलेल्या पत्राला गप्प कसे करावे, हे त्या मंडळालाही सुचले नाही!

भारतात दडपण निराळ्या दिशेने आले. एएनआय या वृत्तसंस्थेने २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला आणि मजकूर लिहिणाऱ्यांची ओळख मागितली. त्या खटल्याविषयीचे पानच ऑक्टोबरमध्ये न्यायालयाच्या आदेशाने उतरवावे लागले. तो आदेश सर्वोच्च न्यायालयाने ९ मे २०२५ रोजी रद्द केला. त्याआधी फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांवरील इंग्रजी लेखातील मजकुरावरून महाराष्ट्राच्या सायबर पोलिसांनी काही लेखकांवर गुन्हा नोंदवला. मजकूर चुकीचा असेल तर आधार देऊन खोडावा, ती वाट कोणालाही मोकळी आहे. त्याऐवजी फौजदारी कलम उगारले, की सामान्य लेखक तो विषयच सोडून देतो. उद्या केज-धारूरचा एखादा शिक्षक मुकादमीविषयी किंवा गर्भाशये काढलेल्या ऊसतोड स्त्रियांविषयी पुराव्यासह लिहू लागला आणि कारखानदाराच्या वकिलाची नोटीस आली, तर त्याची बातमी मराठीत कोठे येणार?

मराठी विकिपीडियाला चावडी आहे. लेखकांच्या चर्चेच्या पानाला तेथे हेच सुरेख नाव दिलेले आहे. परंतु चावडीवरचे बोलणे तिथे बसलेल्यांपुरते असते. नेमाने निघणारे, घडलेले नोंदवणारे आणि प्रश्न विचारणारे पत्र तिच्यापाशी नाही. माणसे थोडी आहेत, हे कारण खरे आहे. तथापि मुकुंदराव पाटलांनी शेजारच्या नगर जिल्ह्यातील खेड्यातून, आधी सोमठाण्याहून आणि मग तरवडीहून, १९१० पासून अर्धशतकाहून अधिक काळ ‘दीनमित्र’ साप्ताहिक चालवले, तेव्हा त्यांच्या हाताशी तरी कितीशी माणसे होती? सत्यशोधकांना पुण्या-मुंबईच्या पत्रांत जागा मिळत नव्हती, म्हणून त्यांनी आपले पत्र काढले.

आरंभाला चार पानांचे मासिक पत्रक पुरेल. महिन्यात कोणती पाने उडवली गेली आणि का, कोणत्या तालुक्याविषयी काहीच लिहिले गेले नाही, फाउंडेशनचा पैसा भारतात कोणाला व कशासाठी मिळाला, एवढे त्यात यावे. अंबाजोगाई, केज, माजलगावच्या महाविद्यालयांतील पक्षाच्या मित्रांनी मराठी विकिपीडियाच्या जुन्या लेखकांशी बोलून हे काम हाती घ्यावे. पत्र पक्षाचे नसावे, संपादक लेखकांनीच निवडावा. पहिल्या अंकासाठी विषय शोधायला दूर जावे लागणार नाही. गळीत हंगाम सुरू होताच युसूफ वडगावच्या रस्त्याने बैलगाड्या आणि ट्रक निघतील.