टाळ्या थांबल्यावर काय?

रमजान आला की मुस्लिम घरांत दोन हिशेब सुरू होतात. एक सहेरी आणि इफ्तारच्या वेळेचा, दुसरा जकातीचा. वर्षभर शिल्लक राहिलेली रक्कम, घरातले सोने-चांदी, दुकानातला माल यांची बेरीज होते आणि तिचा चाळिसावा हिस्सा, म्हणजे अडीच टक्के, गरजूंसाठी बाजूला निघतो. मग नावांची यादी होते. तीत विधवा असते, अनाथ असतो, मदरशात शिकणारे मूल असते, कर्जात बुडालेला नातेवाईक असतो. ज्या घरात सेरेब्रल पाल्सी किंवा बौद्धिक अक्षमता असलेले मूल आहे, ते घर मात्र या यादीत क्वचितच सापडते. ते घर दारात येऊन हात पसरत नाही, म्हणून ते कोणाला आठवतही नाही.

अशा घरातले काही आईबाप धावतात. मुंबईत २००४ पासून बहुतेक वर्षी जानेवारीत मॅरेथॉन होते. तिथे वेळेसाठी धावणारे असतात, तसे एखाद्या संस्थेसाठी देणगी गोळा करत धावणारेही असतात. महिनोन्‌महिने पहाटे उठून सराव करायचा, नातेवाइकांना, ऑफिसातल्या सहकाऱ्यांना निरोप पाठवायचे, ‘मी धावतोय, माझ्या मुलाच्या शाळेला काही द्या’ असे सांगायचे. मग एका रविवारी अर्धी मॅरेथॉन म्हणजे २१ किलोमीटर, नाहीतर पूर्ण ४२ किलोमीटर १९५ मीटर पार करायचे. रस्त्याच्या कडेला टाळ्या वाजतात, फोटो निघतात. सोमवारी मुलाची फिजिओथेरपी ठरल्या वेळी असतेच.

या धावण्याला जगात ज्यांनी चेहरा दिला, ते डिक हॉइट अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याचे. त्यांचा मुलगा रिक १९६२ मध्ये जन्मला. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडल्याने त्याला सेरेब्रल पाल्सी झाली. डॉक्टरांनी मुलाला संस्थेत ठेवायचा सल्ला दिला. आईबापाने तो मानला नाही. १९७७ मध्ये अपघातात लुळ्या पडलेल्या एका खेळाडूच्या मदतीसाठी पाच मैलांची दौड होती. रिकने त्यात भाग घ्यायचा हट्ट धरला. पस्तिशी ओलांडलेल्या, धावण्याची सवय नसलेल्या डिक यांनी मुलाची चाकाची खुर्ची ढकलत ती दौड पूर्ण केली. घरी आल्यावर रिकने आपल्या संगणकावरून सांगितले, की धावताना आपण अपंग आहोत असे वाटत नाही. त्यानंतर बापलेकांनी हजाराहून अधिक शर्यती पूर्ण केल्या, त्यात ३२ वेळा बोस्टन मॅरेथॉन. वर्षानुवर्षे त्यांनी दिव्यांगांसाठी निधी उभा केला.

ही कथा बहुतेक वेळा इथेच संपवली जाते. बापाच्या छातीवरचा घाम दिसतो, ऐकणाऱ्याचे डोळे ओलावतात. पण रिकचे आयुष्य एकट्या धावण्याने घडले नाही. त्याला बोलता यावे म्हणून टफ्ट्‌स विद्यापीठातल्या अभियंत्यांनी खास संगणक बनवला. आई जूडी यांनी विशेष मुलांना सरकारी शाळेत जागा मिळावी यासाठी झगडा दिला. मॅसॅच्युसेट्समध्ये १९७२ मध्ये तसा कायदा झाला, त्यानंतर रिक शाळेत गेला आणि १९९३ मध्ये बोस्टन विद्यापीठाची विशेष शिक्षणाची पदवी घेऊन बाहेर पडला. अभियंता, कायदा, शाळा, विद्यापीठ असे कितीतरी हात त्या खुर्चीला लागलेले होते. बाप एकटा ढकलत होता, असे फक्त फोटोत दिसते.

योगायोग असा, की त्याच १९७२ साली मुंबईत मिथू अलूर यांनी स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली. त्यांची मुलगी मालिनी हिला सेरेब्रल पाल्सी. मुलीला शाळा मिळेना, म्हणून आईनेच शाळा उभी केली. आपल्याकडच्या बहुतेक विशेष शाळांच्या मुळाशी असाच कोणीतरी आईबाप सापडतो. हे कौतुकाचे आहे आणि खटकणारेही आहे. साध्या शाळेत जाणाऱ्या मुलाच्या बापाला वर्गशिक्षकाच्या पगारासाठी बेचाळीस किलोमीटर धावावे लागत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ सांगतो, की ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत. हक्क कागदावर आहे, पण तालुक्याच्या गावात तशी शाळा असतेच असे नाही. असली तरी तिचा खर्च वेगळा असतो. इथे एका शिक्षकासमोर साठ मुले बसवता येत नाहीत. प्रशिक्षित शिक्षक लागतो, वाचा-उपचार करणारी व्यक्ती लागते, मुलांना धरून गाडीत चढवणारी मावशी लागते. हे सगळे पगार दर महिन्याला द्यावे लागतात. मॅरेथॉन वर्षातून एकदा येते.

समाज देत नाही असे नाही, पण देण्याची रीत ठरून गेली आहे. वाढदिवसाला, पुण्यतिथीला विशेष शाळेत जेवण द्यायचे, मुलांबरोबर फोटो काढायचा. एकाच आठवड्यात तीनदा जिलेबी येते आणि मावशीचा पगार थकलेला असतो. मॅरेथॉनची देणगी हा त्याच रीतीचा मोठा अवतार होऊ नये. धावणारा बाप दिसला तरच पैसे निघणार असतील, तर ज्या आईला घर सोडून तासभरही बाहेर पडता येत नाही, तिच्या मुलाने काय करायचे?

रमजानच्या संदर्भात मदीनेतली एक गोष्ट आठवण्याजोगी आहे. हजरत अब्दुल्लाह इब्न उम्मे मक्तूम हे अंध सहाबी. मक्केत एकदा पैगंबर मुहम्मद (स.) कुरैशच्या बड्या सरदारांशी बोलत असताना ते मध्येच काही विचारायला आले. पैगंबरांच्या कपाळावर आठी पडली. त्यावर कुरआनात ‘अबस’ ही ऐंशीवी सूरह उतरली. ओढीने आलेल्या त्या अंध माणसाकडे दुर्लक्ष झाले, याबद्दल तीत थेट पैगंबरांनाच समज दिली आहे. पुढे मदीनेत इब्न उम्मे मक्तूम यांच्याकडे अजानची जबाबदारी आली. हजरत बिलाल यांची अजान रात्र असताना होई, आणि इब्न उम्मे मक्तूम यांची अजान होईपर्यंत खावे-प्यावे, असे पैगंबरांनी सांगितले होते. म्हणजे सहेरी कधी थांबवायची हे अख्ख्या मदीनेला एक अंध माणूस सांगत असे. त्यांना पहाट दिसत नव्हती. ‘सकाळ झाली’ असे लोक त्यांना सांगत, मग ते अजान देत.

या शेवटच्या तपशिलात सगळे आले. त्यांना कोणी दयेचा घास देऊन कोपऱ्यात बसवले नाही. काम दिले, आणि त्या कामासाठी लागणारे डोळे शेजाऱ्यांनी पुरवले. विशेष शाळा याहून वेगळे काय मागते?

म्हणून या महिन्याचा हिशेब करताना दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. हनफी मतानुसार जकात हक्कदार व्यक्तीच्या मालकीची व्हावी लागते, त्यामुळे इमारत किंवा पगार तिच्यातून थेट देता येत नाहीत. पण गरीब घरातल्या विशेष मुलाची फी, रिक्षाचे भाडे, चाकाची खुर्ची, औषधे यांसाठी त्या कुटुंबाला जकात देता येते. शंका असेल तर आपल्या मौलानांना विचारावे. पगार आणि इमारतीसाठी लिल्लाह आणि ऐच्छिक सदका आहे, आणि हा सदका कोणत्याही धर्माच्या गरजवंतापर्यंत पोहोचू शकतो. दुसरी गोष्ट म्हणजे रक्कम एकदम देण्यापेक्षा बारा भागांत द्यावी. दर महिन्याचे पाचशे रुपये शाळेला जो आधार देतात, तो एका दिवसाच्या जिलेबीने मिळत नाही. आणि हे फक्त जकात देणाऱ्यांपुरते नाही. गणेशोत्सवाच्या वर्गणीतून, लग्नाच्या खर्चातून, व्यापाऱ्याच्या दिवाळीच्या हिशेबातूनही बारा भाग निघू शकतात.

डिक हॉइट २०२१ मध्ये वयाच्या ऐंशीव्या वर्षी गेले. रिक त्यांच्यानंतर दोन वर्षे जगला आणि २०२३ मध्ये, एकसष्टाव्या वर्षी गेला. प्रत्येक विशेष मुलाच्या आईबापाला रात्री झोपू न देणारा प्रश्न हाच असतो: आपल्यानंतर याचे कोण? नॅशनल ट्रस्ट कायदा १९९९ नुसार सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्या व्यक्तीसाठी अठराव्या वर्षानंतर कायदेशीर पालक नेमण्याची सोय आहे. जिल्हाधिकारी असलेली समिती ते काम पाहते. कित्येक घरांना हे माहीतच नसते. तो अर्ज भरून देणे, कचेरीत सोबत जाणे हीही खैरातच आहे, आणि तिला एक रुपयाही लागत नाही.

ईदच्या सकाळी ईदगाहवर जाताना शेजारच्या घरातले ते मूल हाताला धरून बरोबर न्यावे. सफीत त्याला जागा करून द्यावी. ते मध्येच हसेल, ओरडेल, उठून उभे राहील, तरी कोणी मागे वळून पाहू नये. संध्याकाळी शीरखुर्म्याची वाटी घेऊन त्या घरी जावे आणि तासभर थांबावे. तेवढा वेळ त्याच्या आईला बाहेर पडता येईल. वाटले तर धावायलाही.