काठाचा महसुली खर्च

धुळ्याच्या माणसाने शिडाच्या होडीवर लेख लिहावा याचे कुणाला हसू आले, तर त्याने खुशाल हसून घ्यावे. आमच्या गावाच्या नावातच धूळ आहे. पांझरेला पूर आला की आम्ही पुलावर जाऊन तो बघून येतो. एरवी पाणी हा शब्द आमच्याकडे नळाच्या संदर्भातच निघतो. जळगावकरांना मेहरुणचा तलाव आहे, पण तेही संध्याकाळी त्याच्या काठावरूनच फिरतात. तात्पर्य काय, पाण्यावर आमचा अधिकार नसेल, पण काठावर पुरेपूर आहे. आणि मला आज फक्त काठाबद्दलच भांडायचे आहे.

भांडण आहे आमच्या भाच्याशी. हा मूळचा साक्रीकडचा, गेली वीस वर्षे अमेरिकेत. लोक जुनी मोटार घेतात तशी त्याने तिकडे एक जुनी शिडाची होडी घेतली. होडी १९७४ ची. अंग फायबरचे आणि डेकच्या कडेने दोन्ही बाजूंना सागाची पट्टी. उंचीला जेमतेम दीड-दोन इंच. शिडात वारा भरला की होडी एका अंगावर कलते, डेकचा उतार होतो आणि माणूस पाण्याकडे घसरू लागतो. त्या वेळी पायाचा अंगठा जिला अडतो, ती ही पट्टी. मी तिला काठपट्टी म्हणतो. शिवाय होडीचे खालचे अंग आणि वरचे डेक यांचा सांधा त्याच्या होडीत या पट्टीखालीच आहे, आणि पट्टीतून आरपार गेलेले बोल्टच तो आवळून धरतात. म्हणजे दिसायला साडीचा काठ, पण काम कमरेच्या पट्ट्याचे.

आता पन्नास वर्षांनी या लाकडाला भेगा गेल्या, एके ठिकाणी ते उचलले आणि आत झोपायच्या गादीवर पाणी टपकू लागले. भाच्याने फोन केला, "मामा, मी सगळं लाकूड काढी टाकस, अ‍ॅल्युमिनियम लाई देस. एकदम मेंटेनन्स-फ्री!"

अ‍ॅल्युमिनियमशी माझे वैर नाही. माझे वैर या 'मेंटेनन्स-फ्री' शब्दाशी आहे.

आम्ही कॉमर्सवाले. आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात की खर्च दोन प्रकारचा: महसुली आणि भांडवली. गाडीच्या आसाला वंगण घालणे हा महसुली खर्च. नवी गाडी घेणे हा भांडवली. महसुली खर्चाचा दोष असा की तो कुणाला दाखवता येत नाही. "या वर्षीही दाराला तेल दिले" असे सांगून कुणी पेढे वाटल्याचे ऐकिवात नाही. भांडवली खर्चाचा मात्र फोटो निघतो, नारळ फुटतो. म्हणून माणसे काय करतात? दहा वर्षे महसुली खर्च टाळतात, त्यातून वस्तू मोडली की एकदाच मोठा भांडवली खर्च करतात, आणि पुढची दहा वर्षे पुन्हा बघायला नको म्हणून खूश होतात. एका शाखेत सागवानी काउंटर काढून काच आणि अ‍ॅल्युमिनियम बसवले, तेव्हा मी तिथेच होतो. काउंटर का हलत होता? तर खालची फरशी खचली होती. नवा काउंटरही हलतो. फक्त आता तो हलताना वाजतो.

होडीचेही तेच. गळती लाकडातून नाही, लाकडाखालून आहे. बोल्ट आणि भोक यांच्यामधला लुकणासारखा चिकट थर वाळून फुटला की पाणी बोल्टच्या कडेने आत उतरते. अशा होड्यांच्या डेकमध्ये फायबरच्या दोन थरांच्या मध्ये पुष्कळदा बाल्सासारखे हलके लाकूड भरलेले असते. ते एकदा भिजले की आतल्या आत कुजते, आणि वरून डेक ठणठणीत दिसते. वरची पट्टी बदलून खालची भोके तशीच ठेवणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

आमच्या सौभाग्यवतीने जुन्या पैठणीचा काठ काढून नव्या कापडाला लावायचे ठरवले, तर ती आधी ते कापड उजेडात धरून बघते. पैठणी बाईंना जे कळते ते होडीवाल्यांना कळू नये?

बरे, धातूला देखभाल लागत नाही हे तरी खरे का? स्टेनलेस स्टीलचा बोल्ट हवेत टिकतो तो हवेतल्या प्राणवायूमुळे. त्यावर एक पातळ संरक्षक थर धरतो. तोच बोल्ट ओल्या फटीत, हवा न लागता, खाऱ्या पाण्यात बसला की मधोमध झिजतो. डोके चकाचक आणि कंबर दाभणाएवढी! वरून कीर्तन, आतून तमाशा. त्यात अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीत स्टीलचे बोल्ट घातले की दोन धातू आणि मिठाचे पाणी मिळून चक्क बॅटरी तयार होते, आणि त्या बॅटरीचे बिल अ‍ॅल्युमिनियम भरते. त्याची पांढरी भुकटी होते आणि बोल्ट असा धरून बसतो की काढताना मोडतो.

लाकूड निदान तक्रार करते. आधी करडे पडते, मग चिरते, मग उचलते. म्हणजे ते नोटिशीवर नोटीस पाठवत असते; उत्तर न देणारे आपण. धातू नोटीस न देता एकदम राजीनामा देतो, आणि तोही बहुधा त्या रात्री, जेव्हा कुणाचा तरी अंगठा त्याच्यावर टेकलेला असतो. भाच्याच्या होडीवर त्याची दोन पोरेही असतात. म्हणून हे भांडण मी मनावर घेतले आहे.

"मामा, तुमले होडीमा काय कयस?" असे तो म्हणालाच. बाबा रे, खानदेशाला समुद्र नाही हे खरे, पण समुद्राला खानदेश ठाऊक होता. १८४२ साली इंग्रजांनी डांगच्या भिल्ल राजांकडून जंगल पट्ट्याने घेतले ते जहाजांना साग हवा म्हणून, आणि पुढे त्या डांगचा कारभार खानदेशच्या कलेक्टरकडे होता. (१९६० साली डांग गुजरातेत गेला, तो वाद मी इथे उकरत नाही. एका लेखात एकच काठ पुरे.) मुंबईची गोदी नावारूपाला आणणारे वाडिया १७३६ साली सुरतेहून आले, आणि सुरतेला जाते ती आमचीच तापी. त्या वाडियांनी मुंबईत मलबारी सागाची 'ट्रिंकोमाली' बांधली, ती १८१७ साली पाण्यात उतरली. इंग्लंडात हार्टलपूलला ती आजही तरंगते आहे. १९९० पासून दहाएक वर्षे तिची डागडुजी चालली. साग अमर असतो म्हणून ती टिकली नाही. तिच्याकडे कुणीतरी बघत राहिले, म्हणून टिकली.

साग महाग झाला आहे, हे मला मान्य. म्यानमारच्या सागावर २०२१ पासून निर्बंधांची भानगड आहे, तेही मान्य. पण सगळी पट्टी बदला असे म्हणतो कोण? कुजला तेवढाच तुकडा कापावा. कापताना सरळ न कापता लाकडाच्या जाडीच्या निदान आठपट लांबीचा तिरपा काप घ्यावा, म्हणजे नव्या-जुन्याचा सांधा लांबवर पसरतो. सागात तेल असते, म्हणून डिंक लावण्यापूर्वी तो अ‍ॅसिटोनने पुसून घ्यावा. जुनी भोके मोठी करून इपॉक्सीने भरावी आणि त्यातून पुन्हा नवी पाडावी, म्हणजे पाणी आले तरी आतल्या लाकडापर्यंत पोचत नाही. बोल्ट नवे, त्यांच्याभोवती सीलंट नवे, आणि बोल्टच्या डोक्यावर लाकडी बुच बसवताना त्याच्या रेषा पट्टीच्या रेषांशी जुळवाव्या. हे सगळे यावलचा कुठलाही जुना सुतार ऐकल्याबरोबर समजेल. त्याने समुद्र पाहिलेला नसेल, पण ठिगळ लावण्यात कमीपणा नसतो हे त्याला माहीत आहे. धातूच्या पट्टीला हे ठिगळच लागत नाही. एक फूट वाकली की अख्खी लांबी बदला.

आणि एवढे सांगूनही ज्याला अ‍ॅल्युमिनियमच बसवायचे आहे, त्याने बसवावे. शर्यतीवाल्यांना त्या पट्टीच्या भोकांत दोऱ्यांच्या कप्प्या अडकवायला सोयीचे पडते म्हणतात. पण डेकची भोके त्यालाही तशीच भरावी लागतील, आणि दरसाल एक रविवार गुडघ्यावर बसून बोल्ट त्यालाही तपासावे लागतील. मग वाचले काय? फक्त तेलाचा डबा!

भाच्याला, आणि जगातल्या समस्त मेंटेनन्स-फ्री मंडळींना, माझा हा एकच सवाल आहे. उत्तर लेखी द्यावे. तीन प्रतींत.