सही आहे, तपासणी कुठे आहे?

छोटे विमान कोसळले की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत बहुधा एक वाक्य ठरलेले असते : 'वैमानिकाची चूक झाल्याची शक्यता.' मृत माणूस खुलासा करायला येत नाही, त्यामुळे हा निष्कर्ष सर्वांच्याच सोयीचा ठरतो. विमान बनवणाऱ्याच्या, ते चालवणाऱ्या संस्थेच्या, देखभालीवर सही करणाऱ्याच्या आणि परवाना देणाऱ्या खात्याच्याही. चूक वैमानिकाची कधीच नसते असे कुणी म्हणणार नाही. पुष्कळदा ती असतेच. परंतु विमानाचा जो भाग कुणी नीट पाहिलेलाच नव्हता, त्याची जबाबदारीही मृताच्या नावे टाकण्याची रीत किती जुनी आहे आणि तिची किंमत काय पडते, हे अमेरिकेतील 'बोनान्झा' विमानाच्या इतिहासात दिसते. हा इतिहास आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. तो सांगितला पाहिजे, कारण आज बारामती, धुळे, शिरपूर, गोंदिया येथे मध्यमवर्गीय घरांतील मुले-मुली, आईवडिलांची आयुष्यभराची पुंजी पणाला लावून, अशाच छोट्या विमानांत बसत आहेत.

कॅन्सस राज्यातील विचिटा येथील बीचक्राफ्ट कंपनीचे हे विमान २२ डिसेंबर १९४५ रोजी प्रथम उडाले आणि १९४७ पासून विकले जाऊ लागले. वेगवान, देखणे, आणि चाके पोटात घेणारे. त्याची शेपटी मात्र जगावेगळी होती. एक उभा आणि दोन आडवे असे तीन भाग असण्याऐवजी इंग्रजी 'व्ही' अक्षराप्रमाणे तिरके लावलेले दोनच भाग तिन्हींचे काम करीत. डॉक्टर, वकील, उद्योजक अशा मंडळींनी ते आवडीने घेतले. १९८२ पर्यंत अशा शेपटीची दहा हजारांहून अधिक विमाने तयार झाली. आणि या काळात त्यांतील बरीच विमाने जमिनीवर आदळण्यापूर्वी आकाशातच मोडली. अमेरिकी वैमानिकांनी त्याला 'डॉक्टरांना मारणारे विमान' असे कुत्सित नाव ठेवले. त्या विनोदातही दोष कुणाचा हे आधीच ठरलेले होते : पैसा आहे, सराव नाही, असा हौशी वैमानिक.

अधिकृत स्पष्टीकरणही त्याच वळणाचे होते. वैमानिक ढगात शिरला, त्याला दिशाभान राहिले नाही, विमान सूर मारत मर्यादेपलीकडच्या वेगाला गेले, त्याने घाबरून नाक वर ओढले आणि विमान मोडले. हे खोटे नव्हते. अनेक अपघातांत असेच घडले होते. विमानाने प्रमाणपत्रासाठी लागणाऱ्या सर्व कसोट्या पार केल्या आहेत, ही कंपनीची भूमिकाही कागदोपत्री बरोबर होती. प्रश्न निराळाच होता. याच कंपनीने १९६० पासून जवळजवळ त्याच धडाचे आणि पंखांचे, पण नेहमीच्या सरळ शेपटीचे विमान विकायला काढले. तेही तसलेच हौशी लोक चालवत होते, तेही ढगांत शिरत होते. ते मात्र आकाशात मोडण्याचे प्रमाण पुष्कळच कमी होते. वैमानिक तसेच, पंख तसेच, ढग तेच. मग फरक कशात होता, हे विचारायला तज्ज्ञ असण्याची गरज होती काय?

फरक शेपटीत होता. १९५१च्या सी-३५ या नमुन्यापासून शेपटीच्या पृष्ठभागांची रुंदी पुढच्या बाजूने वाढवण्यात आली. पण वाढवलेला हा पुढचा भाग मुळाशी धडाला बांधलेलाच नव्हता. आतल्या मुख्य तुळईच्या, म्हणजे स्पारच्या, पुढे तो निराधार राहिला. ठरावीक कसोटीत तो टिके. वेग आणि वळण यांचा वेगळाच मेळ बसला की तो पिळवटे, आणि त्याच्यामागून संपूर्ण शेपटी जाई. अपघातग्रस्तांच्या बाजूने, वैमानिकांच्या वर्तुळांतून आणि स्वतंत्र अभियंत्यांकडून दबाव वाढला, तेव्हा कुठे १९८०च्या दशकात सरकारी पातळीवर फेरअभ्यास झाला. १९८७ साली सक्तीचा आदेश निघाला, आणि त्या पुढच्या कडेला मुळाशी आधार देणारी धातूची पट्टी बसवण्यात आली. त्यानंतर शेपटी मोडण्याचे प्रकार पुष्कळ घटले. १९५१ ते १९८७. छत्तीस वर्षे! एका पट्टीसाठी! या छत्तीस वर्षांत ज्यांच्या घरी 'तुमच्या माणसाची चूक होती' असा कागद गेला, त्या घरांची क्षमा कुणी मागितली काय?

हा केवळ एका नमुन्याचा दोष होता, असे म्हणून सुटता येणार नाही. शेपटी हा छोट्या विमानाचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. इंजिनाचा आवाज बदलतो, टायर बसलेला दिसतो, तेल गळले तर जमिनीवर डाग पडतो. शेपटी बोलत नाही. तिच्यावर पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा असतो, आणि खरे ओझे त्याच्या आतील स्पार, आडव्या फासळ्या आणि धडाशी जोडणारे मोजके बोल्ट वाहतात. पत्र्यावर रंग चकचकीत असताना आत स्पारला तडा असू शकतो. उड्डाणापूर्वी प्रशिक्षणार्थी विमानाभोवती जी फेरी मारतो, तीत तो दिसत नाही.

हा तडा येतो कुठून? कधी शेपटी धावपट्टीला घासून उतरल्यामुळे. कधी उघड्यावर बांधलेल्या विमानाला वादळी वाऱ्याने झोडपल्यामुळे. आणि पुष्कळदा अगदी साध्या, रोजच्या सवयीमुळे. छोटे विमान जागच्या जागी वळवायचे असेल तर नाकाच्या चाकाला दांडा, म्हणजे टो-बार, लावावा असा संकेत आहे. दांडा आणायला हँगरमध्ये कोण जाणार? त्याऐवजी शेपटीच्या आडव्या भागावर दोन्ही तळवे टेकून ती दाबायची, नाक उचलले गेले की विमान भिंगरीसारखे फिरवायचे. जगभरच्या फ्लाइंग क्लबांत हे चालते, आणि आपण त्याला अपवाद नाही. वास्तविक उडताना या भागावर पडणारा हवेचा दाब सगळीकडे पसरलेला असतो, तर माणसाचा भार तळव्याएवढ्या जागेवर एकवटतो आणि पुढच्या स्पारला मध्याजवळ वाकवतो. एकदा दाबल्याने काही होत नाही. दिवसातून दहा वेळा, वर्षानुवर्षे दाबल्याने होते. त्यालाच अभियंते धातूचा थकवा म्हणतात, आणि हा थकवा विश्रांतीने जात नाही.

पाहणाऱ्याला मात्र खुणा दिसतात. रिव्हेटच्या डोक्यापासून मागे गेलेली काळसर रेघ म्हणजे ते रिव्हेट सैल होऊन घासत आहे. पत्र्यावर तिरकी सुरकुती असेल तर आतला सांगाडा हललेला असू शकतो. टोक हाताने हळूच वरखाली केले आणि मुळाशी 'टक्' असा आवाज आला, तर बोल्ट वा बिजागरी झिजली आहे. एकाच ठिकाणी रंग नवा आणि जाड दिसत असेल तर खाली लांबी भरून काय झाकले आहे, ते विचारावे. पुढची पायरी म्हणजे झाकणे उघडून, टॉर्च, आरसा आणि दहापट भिंग घेऊन स्पारचे मूळ पाहणे. संशय राहिला तर रंगद्रव्य मुरवून बारीक चीर उघडी पाडणे, किंवा विद्युतप्रवाहावर चालणाऱ्या यंत्राने ती शोधणे. रंगकामानंतर हलते भाग पुन्हा तोलून पाहावे लागतात, कारण बिजागरीमागे रंगाचे वजन वाढले तर वेगात ते फडफडू लागतात, आणि ही फडफड काही क्षणांत शेपटी उखडू शकते. बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेने घडवलेल्या, १९९३ साली प्रथम उडालेल्या आपल्या 'हंस' विमानाची गोष्ट आणखी वेगळी. ते धातूचे नसून तंतुमिश्रित पदार्थाचे आहे. तेथे वरून ओरखडाही दिसत नाही आणि आत थर सुटलेले असू शकतात. ते शोधण्याची पहिली रीत म्हणजे नाण्याने टकटक करीत जाणे : चांगल्या जागी आवाज खणखणीत येतो, सुटलेल्या जागी बोदा. खर्च एका नाण्याचा. लागतो तो वेळ, आणि कान.

नेमका हा वेळच द्यायचा नसतो. विमान जमिनीवर उभे राहिले तर उड्डाणाचे तास बुडतात, तास बुडले तर शुल्क थांबते. म्हणून शंभर तासांची तपासणी कागदावर पुरी होते, तक्त्यातील प्रत्येक चौकटीत बरोबरची खूण उमटते आणि शेवटी सही होते. आपले सगळेच देखभाल अभियंते असे करतात असे म्हणणे अन्यायाचे होईल. विमान अडवून धरणारे आणि त्याबद्दल व्यवस्थापनाची बोलणी खाणारे अभियंतेही आहेत; त्यांच्यामुळेच हे क्षेत्र उभे आहे. पण व्यवस्था कुणाच्या बाजूने आहे? चार स्क्रू काढून झाकण उघडणाऱ्याच्या, की न उघडता सही करणाऱ्याच्या?

'एवढी जुनी विमाने उडतातच की, कुठे काय होते?' असे विचारणाऱ्यांनी तैवानचे उदाहरण पाहावे. विमान छोटे नव्हते, बोइंग ७४७ होते. पण रोग तोच. १९८० साली हाँगकाँगला उतरताना त्याची शेपटी घासली. ओरखडे असलेला पत्रा कापून न टाकता त्यावर दुसरा पत्रा ठोकण्यात आला. दुरुस्ती झाल्याची नोंदही झाली. ठिगळाखाली तडे वाढत राहिले आणि २५ मे २००२ रोजी, बावीस वर्षांनी, ते विमान आकाशात फुटले. २२५ माणसे गेली. त्या बावीस वर्षांत त्या विमानाच्या तपासण्यांवर किती सह्या झाल्या असतील!

आपल्याकडे २०१२ साली अपघात अन्वेषणासाठी वेगळा विभाग स्थापन होईपर्यंत बहुतांश चौकश्या परवाने देणारे महासंचालनालयच करीत असे. १९३४च्या विमान कायद्याची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली. कायदा स्वदेशी झाला, हे योग्यच झाले. परंतु कायद्याचे नाव बदलल्याने शेपटीचे झाकण आपोआप उघडत नाही. घासून उतरलेल्या वा वादळात सापडलेल्या प्रत्येक प्रशिक्षण विमानाची शेपटी आतून पाहिल्याशिवाय ते उडू नये, त्या तपासणीची छायाचित्रे नोंदवहीला जोडलेली असावीत, आणि ती प्रशिक्षणार्थीला मागताक्षणी दाखवावीत, यात अशक्य काय आहे?

मुलाला प्रवेश घेताना पालक वसतिगृहाची खोली पाहतात, भोजनगृह पाहतात, शुल्काचे हप्ते तीनतीनदा विचारतात. त्याच दिवशी हँगरमध्ये जाऊन, मुलगा ज्या विमानात बसणार त्याचे लॉगबुक मागावे. ते विमान पूर्वी कधी घासले, दुरुस्त झाले, रंगवले गेले काय, ते वाचावे. आणि बाहेर पडताना, विमान वळवायला कुणी टो-बार आणतो की शेपटीवर हात टेकतो, तेवढे पाहून यावे.