कंपन्या एक झाल्या, प्रवाशांनी कुठे जायचे?

१२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. त्याआधी, १ ऑक्टोबरला, पूर्वीची एअर एशिया इंडिया एअर इंडिया एक्सप्रेसमध्ये मिसळली होती. दोन संसार एक झाले की भांडीकुंडी हलणारच. काउंटर हलतात, फ्लाइट नंबर बदलतात, कधी टर्मिनलही बदलते. माझी हरकत त्याला नाही. नवा पत्ता शोधण्याचे काम प्रवाशाच्या गळ्यात टाकण्याला आहे.

नागपुरात याची झळ फारशी लागत नाही. सोनेगावला प्रवाशांची इमारत एकच, काउंटर हलले तरी चार पावलांचा फरक. खरी परीक्षा पुढे. २६ ऑक्टोबर २०२५ पासून एअर इंडियाने दिल्लीतली रोजची ६० देशांतर्गत उड्डाणे टी-३ वरून टी-२ वर नेली, एक्सप्रेसची देशांतर्गत उड्डाणे टी-१ वर. टी-२ च्या उड्डाणांचे नंबर चार आकडी, १ पासून सुरू होणारे. विस्ताराकडून आलेल्या उड्डाणांना विलीनीकरणाच्या वेळी २ पासून सुरू होणारे नंबर दिले होते. म्हणजे पत्ता आकड्यात दडवलेला! नेहमी फिरणाऱ्याला हे कोडे सुटेल. मोमिनपुऱ्यातून पहिल्यांदाच उमराहला निघालेल्या एखाद्या चाचींना कसे सुटावे? त्या विमान ओळखतात रंगावरून. मुंबईत तर टी-१ आणि टी-२ एका छताखालीही नाहीत. तिकिटे वेगवेगळी असतील तर सामान उचलून, बाहेर पडून, रस्त्याने जावे लागते.

गंमत अशी की विमान बदलणे नागपूरला नवे नाही. १९४९ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासची रात्रीची टपाल विमाने इथेच भेटत, टपाल आणि प्रवासी यांची अदलाबदल करून परत फिरत. १९५३ मध्ये आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स झाली. टपालाच्या थैलीला आपले विमान स्वतः शोधावे लागत नव्हते. माणसाला मात्र आज शोधावे लागते.

तिकिटावर टर्मिनल ठळक अक्षरांत, मराठी-हिंदी-उर्दूत छापा. बदलले तर ॲपवर संदेश टाकून मोकळे होऊ नका, फोन करा. आणि आपल्या उमराह टूरवाल्यांनाही सांगायचे आहे: बॅगेला रंगीत रिबन बांधता, तशी टर्मिनलची चिठ्ठीही प्रत्येकाच्या हातात द्या, निघायच्या आदल्या रात्री पुन्हा तपासून.