धूर पुरवठादाराचा, ‘हरित’ बिरुद कंपनीचे!

१ जानेवारी २०२६ पासून युरोपीय संघाच्या कार्बनशुल्काचा खरा अंमल सुरू झाला. पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते हे सारे त्यात आहेच. पण साधे नट-बोल्टही या जाळ्यातून सुटलेले नाहीत. ज्यांनी दोन शतके कोळसा जाळून आपले वैभव उभारले, त्यांनी आता इतरांच्या धुराची मोजदाद करावी, हा दुटप्पीपणा कोणाच्याही लक्षात येईल. पर्यावरणाची जबाबदारी सर्वांची, पण तिचे प्रमाण भिन्न, हे तत्त्व १९९२ च्या रिओ परिषदेत याच देशांनी मान्य केले होते!

तथापि युरोपला बोल लावून हात झटकणे ही आत्मवंचना ठरेल. भारतीय पोलादामागे टनास सुमारे अडीच टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि जागतिक सरासरी दोन टनांच्या आत आहे. ‘हरित’ पोलादासाठी केंद्र सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये ठरविलेली मर्यादा २.२ टनांची आहे. म्हणजे घरातही काम बाकी आहे.

ते कोणी करायचे? नट-बोल्टाचा कारखानदार मोठ्या पोलाद कारखान्याकडून तार विकत घेतो, ती ओढतो, ठोकतो, तापवतो. त्या बोल्टातला बहुतांश कार्बन त्याच्या शेडमध्ये नव्हे, तर पोलादाच्या भट्टीत जन्मलेला असतो. तरी प्रपत्रे भरायची त्याने, पडताळणीचा खर्च सोसायचा त्याने, आणि आकडे देता आले नाहीत तर वाढीव गृहीत आकड्यांचा भुर्दंड फिरून भावात सोसायचाही त्यानेच. साखळी म्हणायची, आणि ओझे मात्र शेवटच्या कडीवर!

देशांतर्गत चित्र याहून वेगळे नाही. ‘सेबी’ने २०२३ मध्ये बड्या सूचिबद्ध कंपन्यांना पुरवठादारांचाही पर्यावरणीय हिशेब मांडण्यास सांगितले. पुढे ती अट सैल होऊन ऐच्छिक झाली; ज्याचा वाटा खरेदीच्या २ टक्के वा अधिक, तेवढाच पुरवठादार मोजायचा. आता एकेक टक्क्याचे पन्नास पुरवठादार असतील, तर निम्म्या खरेदीचा धूर कागदावरून नाहीसा! गुळगुळीत कागदावरचे ‘शाश्वतता अहवाल’ असे स्वच्छ होतात.

लहान कारखानदाराला स्वच्छता नको आहे, असे मानणे हा अन्याय आहे. १९९८ मध्ये ‘टेरी’ संस्थेने हावडा येथे ओतकामाची सुधारित क्युपोला भट्टी उभारली. हवा दोन थरांतून सोडण्याची ही रचना. तिने कोक वाचला आणि धूरही आटोक्यात आला. त्यामागे ब्रिटिश तंत्र आणि स्विस साहाय्य होते, हे लपविण्याचे कारण नाही. स्वदेशी म्हणजे विद्येला दार लावणे नव्हे. कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगावातील फौंड्र्यांपुढे काळ्या पडलेल्या वाळूचा प्रश्न असतो. वाळू पुन्हा वापरण्याजोगी करणारे यंत्र एकट्यादुकट्याला परवडत नाही, दहा-वीस जणांनी मिळून घेतले तर परवडते. अशा यंत्रात त्यांच्याकडून ओतीव भाग घेणाऱ्या कंपन्यांनी भांडवल का घालू नये? नफ्यात भागीदारी मागायची आणि राखेत नाही, ही कुठली व्यापारनीती?

त्यातून सर्वांत लाजिरवाणी बाब देयकांची. २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म व लघू उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. विलंब झाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. तो पाळला जाईना, म्हणून १ एप्रिल २०२४ पासून प्राप्तिकरात पाचर मारावी लागली: मुदतीत पैसे न दिल्यास ते प्रत्यक्ष देईपर्यंत त्या खर्चाची वजावट नाही. ज्याचे भांडवल असे अडकून पडते, त्याने कोकची भट्टी मोडून विजेची कशातून घ्यावी?

खरेदीदाराला खरोखरच स्वच्छ माल हवा असेल, तर मागणीपत्रावर भावासोबत आणखी दोन रकाने असावेत: स्वच्छतेच्या खर्चातील स्वतःचा वाटा आणि पैसे देण्याची तारीख. ते रिकामे असतील, तर पुरवठादारांच्या संघटनांनी कार्बनची प्रपत्रेही तशीच कोरी परत पाठवावीत.