‘साहेबांना पाठवा’ म्हणे!

“मॅडम, साहेबांना पाठवा. तुम्हाला नाही कळायचं यातलं.”

गॅरेजमधलं हे वाक्य आपल्यापैकी किती जणींनी ऐकलंय? मी परवाच ऐकलं. गाडी माझ्या नावावर, हप्ते मी भरते, एमआयडीसीत रोज चाळीस डबे मीच पोचवते. आमचे ‘साहेब’ अजून स्कूटरच्या पुढे गेलेले नाहीत!

झालं असं, की माझ्या सेकंडहँड पेट्रोल गाडीला मागच्या वर्षी मी बाहेरून सीएनजी किट बसवून घेतलं. गेल्या महिन्यात समोर इंजिनाचा पिवळा दिवा लागला, तो विझेचना. मेकॅनिकनं स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये स्कॅनर लावला. स्कॅनर चालूच होईना. लगेच निकाल दिला, “कॉम्प्युटर गेला. १८ हजार.”

१८ हजार! मला रात्रभर झोप नाही. पण पहाटे कणीक मळता मळता मनात आलं, कॉम्प्युटर गेला तर मग गाडी चालतेय कशी? आणि दुसरं, गाडीतला मोबाईल चार्जरही त्याच सुमारास बंद पडला होता. मी तर चार्जरलाच दोष देऊन नवा आणला होता.

दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन थेट ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेले आणि हे दोन्ही सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, “ताई, अर्धं काम तुम्हीच केलंत.”

मग त्यानं मला समजावून सांगितलं. त्या सॉकेटला १६ पिना असतात. ४ आणि ५ नंबर अर्थिंगच्या, १६ नंबरला बॅटरीचा करंट. साधा स्कॅनर त्याच करंटवर चालतो. पुष्कळ गाड्यांत या पिनेचा आणि चार्जरच्या सॉकेटचा फ्यूज एकच असतो. तो उडाला की दोन्ही बंद!

फ्यूज उडाला कशानं? आधुनिक सीएनजी किटला स्वतःचा छोटा कॉम्प्युटर असतो. पेट्रोल किती वेळ सोडायचं, हे गाडीचा मूळ कॉम्प्युटर ठरवतो. किटचा कॉम्प्युटर त्यावरून गॅसचं माप काढतो. काही किटमध्ये मूळ कॉम्प्युटरचं म्हणणं ऐकायला या सॉकेटमागूनही वायरी जोडतात. आमच्या फिटरनं करंटही तिथूनच घेतला होता. वायरी सोलल्या, पिळल्या, वर काळी टेप गुंडाळली. उन्हानं टेप सुटली आणि उघडी वायर पत्र्याला टेकली.

नवा फ्यूज, सोल्डर केलेला जोड, वर स्लीव्ह. बिल २५० रुपये. स्कॅनर चालू झाला आणि पडद्यावर आकडा आला, पी ०१७१. म्हणजे हवा जास्त, इंधन कमी. हा मूळ दुखण्याचा पत्ता. किटवाल्यानं लॅपटॉप लावून गॅसचं माप सुधारलं, दिवा विझला.

पहिला मेकॅनिक लबाड होता असं मी म्हणत नाही. त्यानं तपासलंच नाही. आणि मला कळत नाही असं धरून चालल्यामुळे तपासायची त्याला गरजही वाटली नाही. माझा राग आहे तो यावर.

पण थोडा राग स्वतःवरही आहे. आपण शिंप्याकडून उरलेलं कापड मागून घेतो, गॅसची टाकी वजन करून घेतो. मग गॅरेजमध्येच आपली जीभ का टाळ्याला चिकटते? २०१३च्या एप्रिलपासून आपल्याकडच्या नव्या मोटारींना ही तपासणीची सोय सक्तीची आहे. ती काही मेकॅनिकची गुप्त विद्या नव्हे, गाडीच्या मालकिणीसाठीही आहे.

म्हणून मैत्रिणींनो, किट बसवताना फिटरला ठणकावून सांगा, “सॉकेटच्या वायरी सोलून पिळायच्या नाहीत. जोड पक्का हवा आणि करंट वेगळ्या फ्यूजवरून.” काम झालं की त्याच सॉकेटला स्कॅनर लावून दाखवायला सांगा. दिवा लागला तर पडद्यावरचा आकडा आधी डोळ्यांनी बघा, वहीत लिहून घ्या. पैशांचं बोलणं त्यानंतर.

आणि कुणी “साहेबांना पाठवा” म्हणालंच, तर हसून सांगा, “गाडीची साहेब मीच!”