कोणी पाहत नसतां

शाळेच्या वार्षिकाकरितां कांहीं तरी लिहून पाठवावें, असें संपादकांचें पत्र आलें, तेव्हां प्रथम मी संकोचलों. परदेशीं राहणाऱ्या माजी विद्यार्थ्यानें आपल्या प्रवासाचीं वर्णनें लिहावीं अशी प्रथा आहे. परंतु माझ्यापाशीं सांगण्यासारखा मोठा प्रवास नाहीं. नोकरीनिमित्त मी इंग्लंडांतील डेव्हन परगण्यांत राहतों आणि सुटीच्या दिवशीं कुत्र्यास घेऊन माळावर फिरावयास जातों, एवढेंच. तथापि अशाच एका साध्या दिवसानें मला जें शिकविलें, तें विद्यार्थी व त्यांचे पालक या उभयतांपुढें ठेवण्याजोगें आहे असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहें.

हातांत मोबाइल घेऊन खेळावयाचे खेळ मुलांस बिघडवितात कीं घडवितात, असा प्रश्न आज पुष्कळ पालक विचारतात. माझें मत असें कीं, खेळाची परीक्षा त्याच्या साधनावरून करूं नये. तो खेळतांना कोणी पाहत नसलें तर मूल कसें वागतें, यावरून ती करावी.

मी ज्या खेळाविषयीं बोलत आहें त्याचें नांव ‘जिओकॅशिंग’. मराठींत त्यास ‘ठेव्याचा शोध’ म्हणतां येईल. कोणी एक खेळाडू एखादा डबा झाडाच्या ढोलींत अथवा दगडांच्या फटींत ठेवितो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश सर्वांस कळवितो. इतर खेळाडू मोबाइलच्या साह्यानें तेथें जाऊन डबा शोधितात, आंतील वहींत आपलें नांव व तारीख लिहितात, आणि डबा होता तसा परत ठेवितात. पृथ्वीपासून सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या उपग्रहांपैकीं निदान चारांचे संदेश मिळाले, म्हणजे यंत्र आपलें स्थान गणितानें काढतें. पूर्वीं अमेरिकेचें सरकार सामान्य जनांकरितां या संदेशांत मुद्दाम चूक मिसळीत असे. त्यामुळें शंभर मीटरपर्यंत फरक पडे. मे २००० च्या आरंभीं ही चूक काढून टाकण्यांत आली. आणि लगेच ३ मे रोजीं ऑरेगन राज्यांत डेव्ह अल्मर या गृहस्थानें रानांत एक बादली ठेवून तिचें स्थान जाहीर केलें. तींत पुस्तकें, एक गलोल आणि शिजविलेल्या घेवड्याचा एक डबा अशा वस्तु होत्या. कांहीं घ्यावें, कांहीं ठेवावें, एवढाच त्याचा नियम. आज जगांत असे तीस लाखांहून अधिक ठेवे आहेत. आतां त्यांत खाद्यपदार्थ ठेवण्यास मनाई आहे, कारण रानांतील प्राण्यांचें नाक कोणत्याहि यंत्राहून तीक्ष्ण असतें!

परंतु मूळ कल्पना उपग्रहांहून पुष्कळ जुनी आहे. ज्या डार्टमूरच्या माळावर मी फिरतों, तेथेंच १८५४ सालीं चॅगफर्ड गांवच्या जेम्स पेरट नांवाच्या वाटाड्यानें क्रॅनमिअर पूल या दुर्गम पाणथळ जागीं एक बाटली ठेविली होती. तेथवर चालत येणाऱ्यानें तींत आपल्या नांवाचें कार्ड टाकावयाचें. पुढें लोक तेथें पत्ता लिहिलेलीं पत्रें ठेवूं लागले. मागून येणाऱ्यानें तीं न्यावयाचीं आणि टपालांत टाकावयाचीं. विचार करा, वाचकहो! पत्र परक्याचें, वाट चिखलाची, मोबदला कांहीं नाहीं आणि साक्षीदारहि कोणी नाहीं. तरी तें पत्र पोंचेल या भरंवशावर तें ठेविलें जात असे. हा भरंवसा हाच या खेळाचा खरा ठेवा होय.

आतां माझ्या त्या दिवसाची हकीकत सांगतों. ती सांगण्यांत माझा गौरव नाहीं.

एप्रिल महिन्यांतील शनिवार होता. सकाळीं सात वाजतां आमचा मोती गळ्याची दोरी तोंडांत धरून दाराशीं उभा राहिला. थंडी असो वा पाऊस असो, त्याला सुटी ठाऊक नाहीं. आणि त्याच्यामुळें ती मलाहि नाहीं. माझी दहा वर्षांची मुलगी बरोबर निघाली. माळावर एक नवा ठेवा आहे असें तिनें आदल्या रात्रींच शोधून ठेविलें होतें. वाटेंत कुत्र्यानें केलेली घाण पिशवींत भरून घरीं आणणें हें मालकाचें काम. भर रस्त्यांत तें सर्व जण करितात. ओसाड माळावर तें करणारा खरा. मी तें बहुधा करितों.

डार्टमूरवर १ मार्च ते ३१ जुलै या काळांत कुत्र्यास आंखूड दोरीनें बांधूनच नेलें पाहिजे असा नियम आहे. हे दिवस मेंढ्या विण्याचे आणि जमिनीवर घरटीं करणाऱ्या पक्ष्यांच्या अंड्यांचे. हा नियम मला पुरता ठाऊक होता. परंतु यंत्र साठ मीटर अंतर दाखवीत होतें, पायांखालीं निसरडे दगड होते, एका हातांत यंत्र आणि दुसऱ्या हातांत ओढणारा मोती. मीं चोहोंकडे पाहिलें. दृष्टीच्या टप्प्यांत मनुष्य नव्हतें. मीं दोरी सोडली, आणि यंत्रावरील आंकडे पाहत पुढें निघालों. चाळीस, तीस, पंचवीस.

इतक्यांत उतारापलीकडून मेंढ्यांचें ओरडणें ऐकूं आलें. धांवत जाऊन पाहतों तों पांचसहा मेंढ्या आपल्या कोंकरांसह एका दगडी कुसवाकडे पळत आहेत आणि मोती त्यांच्या मागें आहे! पहिल्या हांकेस तो थांबला नाहीं, दुसऱ्या हांकेसहि नाहीं. तिसरी हांक माझ्या मुलीनें मारली, तेव्हां तो थबकला. त्यानें कोणास दांत लाविला नव्हता. परंतु भेदरलेल्या गाभण मेंढीचा नुसत्या पळण्यानेंहि गर्भपात होतो, हें मला माहीत होतें. मेंढरांस त्रास देणाऱ्या कुत्र्याचा मालक येथील १९५३ च्या कायद्यानें अपराधी ठरतो. आणि अन्य उपाय नसल्यास कळप राखणाऱ्यानें कुत्र्यास गोळी घातली, तरी त्यास कायद्याचा आधार मिळूं शकतो.

कुसवाच्या पलीकडे एक वृद्ध मेंढपाळ उभा होता. मीं त्याची क्षमा मागितली व माझें नांव आणि पत्ता दिला. तो रागावला असता तर मला बरें वाटलें असतें. त्यानें मजकडे पाहिलेंहि नाहीं. तो आपलीं कोंकरें मोजीत होता. एकदां मोजून झालीं, तेव्हां त्यानें तीं पुनः मोजलीं. मग मान हालवून तो चालता झाला.

परत वळतांना मुलीनें विचारलें, “बाबा, इथें कोणी नाहीं असें पाहूनच तुम्ही त्याला सोडलेंत ना?”

मीं ‘होय’ म्हटलें. दुसरें काय म्हणणार?

मोतीस घट्ट धरून आम्ही पुनः खडकांपाशीं आलों. यंत्र तुम्हांस जागेच्या जवळ नेतें. शेवटचीं कांहीं पावलें मात्र डोळ्यांनींच शोधावीं लागतात. सुकलेल्या नेच्याआड एका फटींत डबा सांपडला. त्यांत वही, पेन्सिल, एक पितळी बटन आणि निळ्या कांचेची एक सुंदर गोटी होती. जी वस्तु घ्यावयाची तिच्या तोडीची अथवा तिजहून अधिक मोलाची वस्तु आपण ठेवावी, असा खेळाचा शिष्टाचार आहे. मुलीच्या खिशांत केंस बांधण्याच्या रबरावांचून कांहीं नव्हतें. ती गोटी हातांत घेऊन फार वेळ पाहत राहिली. मी मोतीच्या पायांतील कांटा काढण्याचें निमित्त करून पाठ फिरविली. थोड्या वेळानें डबा परत ठेवण्यापूर्वीं मीं वही उघडली. तींत तिनें नांव व तारीख लिहून खालीं लिहिलें होतें: ‘घेतलें कांहीं नाहीं. ठेविलें एक रबर.’ गोटी डब्यांतच होती.

पालकांस माझें सांगणें एवढेंच कीं, मोबाइल हें चाकूप्रमाणें साधन आहे. त्यानें माझें लक्ष मेंढ्यांवरून काढून घेतलें, हें खरें. परंतु दोरी सोडली ती मीं, यंत्रानें नव्हे. २०१६ सालीं निघालेल्या ‘पोकेमॉन गो’ या खेळानें असंख्य माणसांस घराबाहेर काढलें हें मान्य. तथापि त्यांतील प्राणी पडद्यावरच भेटतात. जिओकॅशिंगमध्यें मात्र अखेरीस पडदा खिशांत घालून दगड, झाड आणि माती यांकडे पाहावेंच लागतें. कोणी म्हणतील, दडविलेल्या डब्यांनीं घबराट होते. खरें आहे. असे डबे बाँब समजून पोलिसांस पाचारण केल्याचे प्रसंग परदेशांत घडले आहेत. म्हणून जागेच्या मालकाची परवानगी घेणें आणि स्थानक, बाजार, देवालय अशा गर्दीच्या जागा वर्ज्य करणें अवश्य आहे. जमीन खणून डबा पुरण्यासहि खेळाच्या नियमांत मनाई आहे.

विद्यार्थीमित्रहो, या खेळास उपग्रह हवेतच असें नाहीं. मुख्याध्यापकांची अनुज्ञा घेऊन शाळेच्या आवारांत एक डबा ठेवा. होकायंत्र घ्या, ‘मोठ्या झाडापासून उत्तरेस चाळीस पावलें, तेथून पूर्वेस पंधरा’ अशी खूण कागदावर लिहा आणि दुसऱ्या वर्गास द्या. डब्यावर पहारा मात्र ठेवूं नका. वर्षअखेर वही उघडून पाहा. तुमच्या शाळेविषयीं ती पुष्कळ सांगेल. आणि घरीं कुत्रा असेल तर त्यास दिवसभर दाराशीं बांधून ठेवूं नका, अथवा त्याचें फिरणें नोकरावर सोंपवूं नका. त्याला प्रतिबंधक लस टोंचून घ्या, रोज स्वतः फिरवून आणा, आणि दोरी हातांत ठेवा.

त्या दिवसापासून मीहि ती हातांतच ठेवितों. वाट ओसाड दिसली म्हणजे तर विशेषच.